लिंबाखालचा माणूस

गोरेगावच्या आठवडी बाजारात, मिरचीच्या ढिगापाशी, बुद्धभूषण सरांना सुदाम दिसला. उजवा खांदा किंचित उतरलेला, मान पुढे काढून चालायची सवय, गळ्यात पिवळा गमछा. सर जागच्या जागी थबकले. सुदाम तर जन्मठेप भोगत होता, तो इथं कसा? गर्दीतून वाट काढत ते त्याच्याजवळ गेले आणि चार हातांवर आल्यावर कळलं की हा कोणी भलताच माणूस आहे. हट्टा गावाहून बैल विकायला आलेला, चांगला पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या. "कोन पायजे भाऊ तुमाला?" त्यानं विचारलं. चूक झाली असं म्हणून सर मागे फिरले आणि बाजार न करताच घरी आले.

अशी चूक कुणाचीही होते आणि माणूस हसून विसरतो. सरांना ते जमण्यासारखं नव्हतं, कारण सुदाम जेलात गेला होता तो त्यांच्या एकट्याच्या साक्षीवर.

तीन वर्षांपूर्वी, माघातली गोष्ट. सर सेनगावच्या ज्युनिअर कॉलेजात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवत. त्या दिवशी दिवस मावळता मावळता मोटारसायकलवरून घरी येताना ओढ्याच्या पुलापुढे डाव्या हाताला, बांधावरच्या लिंबाखाली एक माणूस काठी घेऊन उभा दिसला. पायाशी कोणीतरी आडवं पडलेलं. पिऊन पडला असेल असं मनाशी म्हणत सर पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं म्हाताऱ्या भिवाजीचं प्रेत सापडलं, डोकं फुटलेलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भिवाजीचं आणि तांड्यावरच्या सुदामचं वाजलेलं होतं, ते गावाला ठाऊक होतं. सुदाम सांगत राहिला की मी त्या वेळी कुरुंद्याच्या रस्त्यावर होतो, हळदीची गाडी बंद पडली होती. पण त्याला तिथं पाहणारं कोणी निघालं नाही.

हिंगोलीच्या कोर्टात सरांनी सुदामकडे बोट दाखवलं. समोरच्या वकिलानं विचारलं, अंधारून आलं असताना चाळीस पावलांवरून ओळखलं कसं? तेव्हा सर म्हणाले होते, "मी तर्कशास्त्र शिकवतो. दिसलेलं आणि वाटलेलं, यातला फरक मला कळतो." साक्षीदार सुशिक्षित आहे, निःपक्ष आहे, त्याच्या बोलण्यात तिळमात्र डगमग नाही, असं निकालात लिहून आलं. ते वाचून त्या वेळी सरांना बरं वाटलं होतं.

बाजारातल्या त्या दिवसानंतर मात्र सर आठवण उकरत बसले. अगदी पहिल्यांदा आपण काय सांगितलं होतं? सकाळी हॉटेलात चहा पिताना म्हणालो होतो, काल तिथं कोणीतरी उभं होतं. कोणीतरी. मग जमादार आला आणि त्यानं विचारलं, तांड्यावरचा सुदाम होता का? आपण म्हणालो, तसाच वाटला. जबाबात आलं, तोच होता. कोर्टात तर हनुवटीवरचा व्रणसुद्धा आपण सांगितला. तो व्रण लिंबाखाली दिसला होता, की नंतर पोलीस ठाण्यात सुदामला समोर बसवलं तेव्हा? सर डोळे मिटून पुन्हा पुन्हा त्या संध्याकाळी जात. तिथला माणूस दर वेळी सुदामचाच चेहरा लावून उभा असे. त्याआधीचा, बिनचेहऱ्याचा माणूस काही केल्या हाती लागत नव्हता.

वर्गात त्या आठवड्यात संशयाचा धडा आला. लांबून, अपुऱ्या उजेडात काही उभं दिसतं. ते झाडाचं खोड की माणूस, हा संशय. जवळ गेलं की तो फिटतो. हे जुनं उदाहरण सर वीस वर्षं देत आले होते. अलमास नावाच्या मुलीनं विचारलं, "सर, आन् जवळ जाताच नाही आलं तर?" तिनं वही उघडी धरून उत्तराची वाट पाहिली. सरांनी खडू ठेवला आणि तास अर्ध्यावर सोडून दिला.

बायकोला, शिलाला, त्यांनी सगळं सांगितलं. ती समजावत होती की कोर्टानं निकाल दिला, आता तुम्ही जिवाला काहून लावून घेता. पण त्यांची अन्नावरची वासना उडालेली पाहून ती तयार झाली. माघ लागल्यावर, तीच वेळ साधून, ती त्यांचा जुना सदरा घालून, डोक्याला गमछा गुंडाळून, हातात काठी घेऊन त्या लिंबाखाली जाऊन उभी राहिली. सर पुलावरून त्याच वेगानं आले.

त्यांना सुदाम दिसला.

ते परत फिरून पुन्हा आले. पुन्हा सुदाम. तिसऱ्यांदा त्यांनी गाडी थांबवली आणि एकटक पाहिलं. हनुवटीवरचा व्रणसुद्धा होता. शिलानं हात हलवला तरी तो सुदामच हात हलवत होता. ते हँडलवर डोकं टेकून बसून राहिले. शिला ढेकळं तुडवत रस्त्यावर आली.

"चेहरा दिसला का?"

"दिसला."

"माझा?"

"नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर तांड्यावर गेले. सुदामचा बाप हिरासिंग कधीच वारला होता. घरात आई, मोतीबाई, एकटीच राहत होती. ती शिव्या घालेल, दगड घेऊन धावेल, अशी तयारी करून ते गेले होते. तिनं पाणी दिलं. त्यांचं बोलणं पुरं ऐकून घेतलं. आपल्याला आता खात्री वाटत नाही, हे वाक्य ते दोनदा बोलले.  मग ती म्हणाली, "सर, तुमी शिकलेले. तुमी पाह्यलं म्हनले तवा मी बी मानलं. तो मला म्हनून राहिला व्हता, याडी, माय, म्या न्हाई केलं. म्या त्याच्याकडं पाठ केली. तीन साल झाले, म्या लेकराचं तोंड पाह्यलं न्हाई."

 आपण एका माणसाला जेलात घातलं एवढाच हिशेब सर आजवर धरून होते.

हिंगोलीचे जुबेर वकील सुदामचं अपील पाहत होते. त्यांनी सर्व ऐकलं आणि कागद ओढून शपथपत्राचा मसुदा लिहिला: मी पाहिलेला माणूस सुदाम नव्हता. सर म्हणाले, असं मला लिहिता येणार नाही. तो होता की नव्हता हे मला माहीत नाही, तेवढंच खरं आहे. वकिलांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी शांतपणे समजावलं की साक्ष फिरवली तर तुमच्यावर खटला होऊ शकतो, नोकरी जाऊ शकते. ते सगळं सोसून नुसतं 'माहीत नाही' म्हणालात तर कोर्ट म्हणेल, साक्षीदाराला आता पाझर फुटला. "नव्हता म्हणा, तर काहीतरी आशा आहे. सर, एकदा नक्की नसताना नक्की म्हणालात. आता त्याच्यासाठी एकदा म्हणा."

आठ दिवसांची मुदत मागून सर निघाले. त्या आठ दिवसांत त्यांची दशा पाहवत नव्हती. खोटं बोललो तर एक निर्दोष माणूस सुटेल, किंवा एक खुनी सुटेल. खरं बोललो तर कोणीच सुटणार नाही. शेवटी वकिलांची चिठ्ठी घेऊन ते संभाजीनगरच्या जेलात गेले. काचेपलीकडे सुदाम येऊन बसला. केस गेलेले, गाल बसलेले. बाजारात दिसलेल्या माणसाशी त्याचं काही म्हणजे काही साम्य नव्हतं.

सरांनी फोन कानाला लावला आणि विचारलं, "सुदाम, एकदा सांग. तू तिथं होतास का?"

सुदाम रागावला नाही. "तवा सांगितलं व्हतं सर. कोनी मानलं न्हाई. आता सांगतो ते आयका. तीन साल मी तेच आयकून राहिलो, लिंब, काठी, भिवाजी. आता डोळे मिटले का मलाच दिसते. मी उभा हाय, हातात काठी हाय. मी तिथं नव्हतो, सर. गाडीखाली पडून पाना फिरवून राहिलो व्हतो, ते मला ठावं हाय. पन ते आता दिसत न्हाई. हे दिसते."

 वेळ संपल्याची शिट्टी झाली. सुदामनं जाता जाता फक्त एवढं विचारलं, आईचे गुडघे कसे आहेत.

सरांनी जुबेर वकिलांसमोर स्वतःच्या हातानं शपथपत्र लिहिलं. मी एक माणूस पाहिला. त्याचा चेहरा मला दिसला होता असं आज मी म्हणू शकत नाही. सुदामचं नाव मला आधी ऐकवण्यात आलं आणि मग मी त्याला पाहिलं. वकिलांनी वाचलं, मान हलवली, आणि यानं काही होईलच असं नाही, असं ते म्हणाले.

तसंच झालं. कोर्टानं कागद दाखल करून घेतला आणि अपिलाच्या सुनावणीच्या वेळी बघू म्हणून बाजूला ठेवला. सुनावणी कधी, ते कोणाला सांगता येईना. कॉलेजनं सरांना घरी बसवलं. गावात भिवाजीची माणसं म्हणू लागली की मास्तर विकला गेला, आणि रस्त्यात कोणी रामराम घालेना.

हे सगळं सांगायला सर तांड्यावर गेले. मोतीबाई शेळीला पाला टाकत होती.

"तुमी तो नव्हताच म्हनले असते, तर सुटला असता?" तिनं विचारलं.

"कदाचित सुटला असता."

"मंग काहून न्हाई म्हनले?"

"मला ते माहीत नव्हतं, मोतीबाई."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्यात राग होता की आणखी काही, हे सरांना कळलं नाही, आणि कळलं असं समजायची त्यांची आता छाती नव्हती. मग तिनं हात झटकले आणि त्या जेलाला जायला कोणती गाडी लागते ते विचारलं. सर सांगू लागले: इथून जीपनं हिंगोली, तिथून संभाजीनगरची एसटी. तिला वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी ते दोनदा सांगितलं, मग तिच्याकडून म्हणवून घेतलं. हिंगोलीच्या पुढं ती चुकली. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.