अकरा कंगवे

ताईने इस्त्रीच्या टेबलावर जुना टॉवेल पसरला, कोपरे ताणून त्याच्या सुरकुत्या काढल्या आणि पेटीतून एकेक कंगवा काढून त्यावर ओळीने मांडला. अकरा कंगवे आणि तीन ब्रश. मग डाव्या हाताची बाही वर सरकवून ती प्रत्येक कंगव्याचे दात मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवरून ओढून पाहू लागली. ओरखडा उठला की कंगवा परत पेटीत.

"हे काय चाललंय?" तिच्या धाकट्या भावाने विचारलं.

"आधी मला टोचू दे. मग तिला लावायचा की नाही ते ठरवू."

ती म्हणजे कापशी. लांब केसांची, पांढरी, तेरा वर्षांची मांजर. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, गाठोड्यांच्या फळीखाली भिंतीला पाठ लावून ती बसली होती आणि दोघांकडे सारख्याच अविश्वासाने बघत होती. पाठीवर, पोटाखाली, मागच्या पायांवर तिच्या केसांचे घट्ट गोळे झाले होते. चालताना कातडी ओढली जायची, म्हणून ती आता चालायचंच टाळत होती. कालपासून तिने बशीकडेही नीट पाहिलं नव्हतं.

चूक भावाची होती, आणि अशी चूक लाँड्रीवालाच करू जाणे. त्याची मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली. वसतिगृहात मांजर चालत नव्हती, म्हणून कापशी बापाकडे राहिली. जाताना मुलीने एकच गोष्ट मागितली होती: रोज पाच मिनिटं विंचरायचं. त्याने आज-उद्या करत चार दिवस काढले, पाचव्या दिवशी ब्रश कुठे ठेवला तेच आठवेना, आणि त्यानंतर तीन महिने कसे गेले ते त्याला कळलं नाही. गोळे हाताला लागले तेव्हा त्याला एकच उपाय सुचला. तीस वर्षं जो माणूस लोकांचे डाग धुतो, त्याला दुसरं काय सुचणार? त्याने कोमट पाण्यात साबण कालवला आणि कापशीला चांगलं चोळून धुतलं. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळला की त्याचं काय होतं, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकटात ऐकवत असे. कापशी वाळली तेव्हा आधी निदान बोटांनी दबणारे ते गोळे आटून बुटाच्या तळव्यासारखे झाले होते.

मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाणं आलं. त्यांनी कापशीच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि कपाळाला आठी घातली.

"भूल देऊन सगळे केस उतरवावे लागतील," त्या म्हणाल्या. "पण हिचं हृदय थकलंय. या वयात भूल झेपेलच अशी हमी मी देणार नाही. सोमवारी सकाळी दहाला घेऊन या. त्याआधी घरी सुटलं तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही. फक्त कात्री लावू नका. गोळ्याबरोबर कातडी उचलली जाते आणि कापल्यावरच कळतं."

हे झालं बुधवारी. गुरुवारी दुपारी ताई दारात उभी राहिली. ती नाटकवाल्यांसाठी केसांचे टोप बनवायची. वर्षातून एकदा यायची, तेही कळवून. या वेळी न कळवता आली होती.

"इकडच्या थिएटरात चार दिवस काम आहे," ती म्हणाली. "उतरू ना तुझ्याकडे, छोट्या?"

छोट्याचं वजन ऐंशीच्या पुढे गेलं होतं आणि केसांत चांदी चढली होती, पण ताईपुढे तो छोट्याच. त्याने तिला सगळं सांगितलं. फक्त तीन महिन्यांची गोष्ट आली तेव्हा "मध्ये काही दिवस राहून गेलं" एवढ्यावर भागवलं. ताईने फळीखाली वाकून कापशीकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि पेटी उघडली. ती चार शब्द सुनावेल म्हणून तो तयारच होता. पण ती म्हणाली, "कॉर्नफ्लॉवर आहे घरात?"

"खळ करायचीय? खळीने तर आणखी कडक होईल."

"ओल्याने कडक होतं. कोरडं पीठ केसांच्या मधे शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून सोडवतं. तुझ्याच धंद्यातली वस्तू आहे, आणि तुला तिची अर्धीच बाजू माहीत."

अकरापैकी चार कंगवे मनगटाच्या परीक्षेत पास झाले. एक रुंद दातांचा, पोलादी, जुना, एक मध्यम, एक लांब आणि आखूड दात आलटूनपालटून असलेला, आणि एक बारीक, अगदी शेवटी तपासायला. ब्रशांपैकी मऊ केसांचा तेवढा राहिला. भावाने स्वतः आणलेलं, दुकानदाराने गळ्यात मारलेलं महागडं अवजार ताईने उजेडात धरलं, त्याच्या दातांच्या मुळाशी बोट फिरवलं आणि बाजूला ठेवलं.

"यात पातं आहे. हे विंचरत नाही, कापतं. वरून गुळगुळीत दिसेल आणि आत गाठ तशीच राहील."

तिने कापशीला मांडीवर घेतलं आणि कामाला लागली. तो शेजारी बसून बघत राहिला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती गोळ्याच्या खाली, कातडीला लागून केसांचा चिमटा धरायची, म्हणजे वर कितीही ओढाताण झाली तरी ती कातडीपर्यंत पोचायची नाही. मग पिठाची चिमूट. मग कंगव्याचा फक्त शेवटचा दात गोळ्याच्या बाहेरच्या कडेत घालून दोन-तीन केस सोडवायचे. पुन्हा दोन-तीन. मुळाकडून कधीच नाही, नेहमी टोकाकडून.

"टोप बारीक जाळीवर असतो," ती मान वर न करता म्हणाली. "एकेक केस सुईने गाठ मारून बसवलेला. एक हिसका दिला की जाळी फाटते आणि महिन्याची मेहनत जाते. हिची कातडी तशीच आहे. हात लावून बघ."

त्याने बोट लावलं. खरंच कागदासारखी पातळ होती. तेरा वर्षं ही मांजर त्याच्या घरात वावरत होती आणि हे त्याला माहीत नव्हतं.

अर्ध्या तासात एक गोळा सुटला. ताई खूश झाली आणि न थांबता दुसऱ्याकडे वळली. तिसऱ्या मिनिटाला कापशीने मान फिरवली आणि तिच्या अंगठ्याच्या बुडाशी कडकडून चावा घेतला. मग उडी मारून फळीखाली.

तो ओरडणार होता. ताईने हात वर करून त्याला गप्प केलं, नळाखाली जखम साबणाने धुतली आणि खूप वेळ पाणी वाहू दिलं.

"बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. "चूक माझी. टोप ठोकळ्यावर खिळवला की सहा-सहा तास बसता येतं. टोपाला कंटाळा येत नाही, टोपाला दुखत नाही. मी हिला ठोकळा समजले."

तो बघतच राहिला. ही तीच ताई होती जिने लहानपणी शेजारच्यांची काच फोडली आणि काच तिथे होती हाच काचेचा दोष ठरवला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून "चूक माझी" ऐकलं, तेही एका मांजरीबद्दल. डॉक्टरांकडे जाऊन हाताला सुई टोचून घेऊन ती तासाभरात परतली आणि टेबलावरचं घड्याळ खाली जमिनीवर ठेवलं.

"आता तीन मिनिटं. जास्त नाही. मग ती म्हणेल तेवढी सुट्टी."

संध्याकाळी सातला नेहमीप्रमाणे मुलीचा फोन आला. जेवण, अभ्यास, खोलीतल्या मैत्रिणीचं घोरणं. आणि मग रोजचा प्रश्न.

"आज विंचरलं तिला?"

"हो," तो म्हणाला. तीन महिने रोज म्हणत आला होता तसंच, पटकन.

शुक्रवारी ताई थिएटरात गेलीच नाही. शनिवारीही नाही. तिने हाताला पट्टी बांधली होती आणि चिमटा आता मधल्या बोटाने आणि अनामिकेने धरत होती. तीन मिनिटं काम, पाऊण तास सुट्टी. सुट्टीत ती कापशीकडे बघायचीही नाही. खिडकीशी बसून भावाच्या गिऱ्हाइकांच्या शर्टांची तुटलेली बटणं लावायची. हळूहळू कापशी आपण होऊन फळीखालून बाहेर येऊ लागली. शुक्रवारी पाठ मोकळी झाली. शनिवारी मागचे पाय आणि पोटाचा बराचसा भाग. सुटलेल्या जागेवरून ताई रुंद कंगवा फिरवायची, मग मध्यम, मग बारीक, आणि बारीक कंगवा कुठे अडला नाही की मऊ ब्रश. त्या शेवटच्या ब्रशाला कापशी डोळे मिटायची.

लाँड्रीवाल्याने आयुष्यभर चांगलं काम पाहिलं की ओळखलं होतं. कॉलरची कडा कशी बसलीय यावरून तो समोरच्या इस्त्रीवाल्याचं पाणी जोखायचा. पण असं काम त्याने पाहिलं नव्हतं. यात जोर कुठेच नव्हता. बहिणीचा त्याला इतका अभिमान वाटला की त्याने दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा विचारला.

सातला फोन येत होताच. शनिवारी ताई शेजारीच, हातभर अंतरावर बसून कंगवे पुसत होती.

"आज विंचरलं?"

"हो, हो. रोजच्यासारखं."

ताईने पुढचा कंगवा उचलला. तिने मानही वर केली नाही. ती एखादं वाक्य बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला झोपेपर्यंत वाटत राहिलं.

रविवारी दुपारपर्यंत एकच गोळा उरला. पुढच्या डाव्या पायाच्या काखेत, लिंबाएवढा, सगळ्यात घट्ट. तिथली कातडी सगळ्यात नाजूक. ताईने हात नेला की कापशी गुरगुरायची. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा ताईने हात मागे घेतला आणि पोलादी कंगवा भावापुढे धरला.

"तू."

"मी? माझे हात बघ. इस्त्री धरून धरून कातडं झालंय."

"माझ्या हाताला ती अजून विसरलेली नाही. तुला ती तेरा वर्षं ओळखते. मी सांगते, तू कर."

त्याने बूड टेकलं. कापशी त्याच्या मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली आणि कूस देऊन पडली. त्याने चिमटा धरला. बोटं जाड होती, पण स्थिर होती. रेशमाच्या चुण्या त्याने याच बोटांनी धरल्या होत्या. पिठाची चिमूट. शेवटचा दात. दोन केस. घाम त्याच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. ताईने पदराने पुसला. तीन मिनिटं. सुट्टी. पुन्हा तीन मिनिटं. त्याने दुकानाचं दार अर्धवट ओढून घेतलं होतं. कोणी हाक मारली तर ताईच "उद्या या" म्हणून सांगत होती. केस नाकात जात होते, पाठ मोडून आली होती, आणि एकदा कापशीने नख्या त्याच्या मांडीत रुतवल्या तेव्हा त्याने ओठ चावला, पण चिमटा सोडला नाही.

साडेसहाच्या सुमाराला गोळ्याचे दोन तुकडे झाले, मग चार, आणि मग हातात नुसता पांढरा पुंजका आला. त्याने बारीक कंगवा काखेतून फिरवला. तो कुठेही अडला नाही.

कापशी उठली. तिने तो पुढचा पाय लांबवून ताणला, अगदी बोटांपर्यंत, आणि ताठ शेपटीने बशीकडे चालत गेली. ती लंगडत नव्हती. लाँड्रीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. उद्याच्या यादीतून नाव काढते, म्हणाल्या, आणि कोणत्या कंगव्याने सोडवलं ते नीट विचारून घेतलं. फोन ठेवतो तोच पुन्हा वाजला. सात वाजले होते.

"बाबा, आज विंचरलं तिला?"

'हो' अगदी जिभेवर होतं. आज त्याने स्वतःच्या हाताने विंचरलं होतं, म्हणून ते खरंही होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खरं होतं, आणि नेमकं आजच ते त्याच्या तोंडातून बाहेर येईना.

"आज मी विंचरलं," तो म्हणाला. "पण तू गेल्यापासून त्याआधी एकदाही नाही. रोज तुला खोटं सांगितलं. तिच्या अंगावर गोळे झाले. मग मी तिला धुतलं, ते आणखी आटले. डॉक्टर भूल देणार होत्या, आणि त्यातून ती उठेलच असं नव्हतं. आता सगळं सुटलंय. आत्याने सोडवलं. शेवटचा एक मी."

"माहीत होतं मला," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "म्हणजे धुतल्याचं नव्हतं. पण विंचरत नाही ते."

"कसं?"

"रोज मांजर विंचरणारा माणूस एकदा तरी कुरकुर करतो, बाबा. केस नाकात गेले, नखं लागली, पाठ दुखली. तुम्ही तीन महिन्यांत एकदाही केली नाहीत."

त्याने मांडीवरच्या नख्यांच्या खुणांवर हात ठेवला.

"मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारत होते की. रोज. तुम्ही 'हो' म्हणायचात," ती म्हणाली. "म्हणून बुधवारी आत्याला फोन केला."

तो फोन कानाला धरूनच मागे वळला. ताईने रुंद दातांचा कंगवा उजेडाकडे धरला होता आणि डोळे बारीक करून दातांत अडकलेला केस शोधत होती. कंगवा स्वच्छ होता, ते त्याला लांबूनही दिसत होतं. तरी ती शोधतच राहिली.