जोनेलच्या तपासणीची भिशी

मित्रांनो, भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून, वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं. मी जुनी डची, म्हणजे जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं पातेलं. जमैकातल्या आमच्या गल्लीत वनेशा माझ्यात मासे तळून विकायची. "असा मासा दुसरीकडे मिळत नाही," असं गिऱ्हाईक म्हणायचं, आणि मी आतल्या आत फुगायची.

वनेशाची लेक जोनेल सहा वर्षांची. तिचा बाप लेटन मिनीबस चालवायचा. लेकीच्या खर्चासाठी वनेशा कोर्टात गेली, तेव्हा तो सरळ म्हणाला, "ही माझी नाहीच." न्यायाधीशबाईंनी डीएनए तपासणी करायला सांगितली. पण पैसे कुणी भरायचे? लेटनने आमच्या अंगणात येऊन ऐकवलं, "कोर्टाची हौस तुला, मग भर तूच!"

तारखेच्या आत तपासणी झाली नाही, तर वनेशाचा अर्ज फेटाळला जाणार होता. आणि पूर्ण पैसे घेतल्याशिवाय प्रयोगशाळा नमुन्यासाठी लेकराच्या गालाच्या आतून कापूससुद्धा फिरवत नाही.

गल्लीत बायकांची भिशी होती. वनेशाचा नंबर सगळ्यात शेवटी. त्या महिन्यात नंबर होता मिस एर्लिनचा, तिला छपराचे पत्रे घ्यायचे होते. बायका वनेशासाठी वर्गणी काढायला निघाल्या, तशी वनेशा तडकली, "मी कुणापुढे हात पसरणार नाही!"

मिस एर्लिन माझ्यातला मासा उचलत म्हणाली, "पसरायला कोण सांगतंय गं बये? नंबर बदल. माझा तू घे, तुझा मी घेते."

"आणि छप्पर?"

"गळू दे! इतकी वर्षं गळतंय, आता ते थांबलं तर मला झोप यायची नाही."

सगळ्या खिदळल्या. वनेशा हसता हसता रडली.

पुढे मिस एर्लिनच्या घरात कितीतरी दिवस बादल्या मांडलेल्या होत्या. आणि वनेशाने एकही हप्ता चुकवला नाही. अंगात ताप असतानाही ती माझ्याखाली जाळ घालायची. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

निकाल आला. बाप लेटनच! कोर्टाने त्याला दरमहा खर्च द्यायला लावला, तपासणीचे पैसेही परत करायला लावले. शनिवारी तो शाळेचे बूट घेऊन फाटकाशी आला.

जोनेलने विचारलं, "कागद आला म्हणून आलास?"

तो बुटांच्या नाड्या उगाच बांधू-सोडू लागला.

"उत्तर सुचेपर्यंत बस बाहेर," वनेशा म्हणाली. "बूट मात्र आत दे. सोमवारी शाळा आहे."

आता घरात गॅस आलाय. मी ओट्याखाली पडून असते, मला कुणी घासत नाही. नाही घासलं तरी चालेल. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात एखाद्या मुलीचे बाबा कधी दिसत नसतील, तर तिला खोदून खोदून विचारू नका. तिने काही लपवलेलं नसतं. उत्तर मोठ्यांनी द्यायचं असतं, आणि त्यांना कधी कधी सहा वर्षं लागतात.