पाठीमागचे चिमटे

मी एक जुना कोट आहे. रंगाने गडद निळा, कापडाने लोकरी. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी बहुधा अभिमानाने सांगतात. मी मात्र मान खाली घालून सांगणार आहे. कोटाला मान नसते, कॉलर असते. तीच खाली गेली आहे असे समजा.

एका वयस्कर शिंप्याने मला शिवले, तेव्हा माझे मालक नुकतेच रंगाच्या दुकानाचे व्यवस्थापक झाले होते. त्याच दुकानात डबे उचलण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. सगळे त्यांना दादा म्हणत. अंगाने ते चांगले आडवे होते. शिंपी म्हणाला, "आत कापड सोडून ठेवलंय, दादा. पद वाढलं की पोटही वाढतं. तेव्हा या परत."

"पोट वाढेल, पण तुझी शिलाई नको वाढवूस म्हणजे झालं," दादा म्हणाले.

दादांना शिकायचे होते आणि शिकता आले नव्हते. ही सल त्यांनी बोलून दाखवली नाही. त्यांनी एक निधी उभा केला. गावातले डॉक्टर, दुकानदार, एक कारखानदार असे लोक त्यात देणगी देत. त्यातून हुशार पण अडलेल्या मुलांना शिष्यवृत्ती मिळे, आणि सुट्टीत एक शिबीर भरे. तिथे मुले सभा चालवायला, चारचौघांत बोलायला, दहाजणांना एका कामाला लावायला शिकत. चांगलेच काम होते ते. आजही मी तसेच म्हणेन.

पहिल्या वार्षिक सभेत एका मुलाला देणगीदारांसमोर दोन शब्द बोलायचे होते. त्याचा सदरा कोपरावर फाटला होता, म्हणून तो हात पाठीमागे बांधून उभा होता. दादांनी ते पाहिले आणि काही न बोलता मला काढून त्याच्या अंगावर चढवले. मी त्याच्यावर तंबूसारखा लोंबलो. तेव्हा दादांची शाळकरी लेक, आमची ताई, धावत जाऊन कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन आली. तिने माझी सगळी ढिलाई पाठीमागे गोळा करून चिमट्यांनी आवळली. समोरून बघावे तर जणू त्याच्याच मापाचा!

"पोरगा काय रुबाबदार दिसतोय!" पहिल्या रांगेतले लोक म्हणाले. त्या वर्षी देणग्या वाढल्या.

पुढच्या वर्षीच्या मुलाचा सदरा धड होता. तरी त्यालाही मला घातले. दयेची सवय झाली आणि सवयीचा नियम: शिष्यवृत्ती घ्यायची तर सभेत मला घालून उभे राहायचे, फोटो काढून घ्यायचा. नियमाला एक शेपूटही फुटले. चिमटे दिसू नयेत म्हणून भाषण संपल्यावर वळायचे नाही, तोंड लोकांकडे ठेवून मागे मागे चालत पडद्याआड जायचे. ताई मुलांकडून सराव करून घेई. "खेकड्यासारखा तिरका नको रे, सरळ मागे!" मुले हसत आणि शिकत. निधीच्या कचेरीत फोटोंची रांग लागली. चेहरे निरनिराळे, कोट एकच. मी फुगून जात असे. एवढी मुले माझ्यामुळे उभी राहिली, असे मला वाटे.

मग ती मुलगी आली. तिची आई कपड्यांना इस्त्री करायची. मुलगी प्रत्येक गोष्टीवर "का?" विचारी, म्हणून शिबिरात तिला वकीलसाहेब म्हणत. तिच्या भागातले वाचनालय दुपारीच बंद होई. तिने मुले जमवली, अधिकाऱ्यांना गाठले, आणि ते संध्याकाळी उघडे ठेवायला लावले. तिला औषधशास्त्र शिकायचे होते. पहिले वर्ष शिष्यवृत्तीवर झाले होते, आता दुसरे.

त्या वर्षी निधीला नवे चिटणीस मिळाले होते. कारखानदारांचा मान राखायचा म्हणून त्यांनी पाहुण्यांच्या खुर्च्या रंगमंचावरच मांडल्या. बोलणाऱ्याच्या बरोबर मागे. दादा दाराशी पाहुण्यांचे स्वागत करत होते. ताई आता मोठी झाली होती. तिने पडद्याआडून खुर्च्या पाहिल्या आणि तिच्या हातातला शेवटचा चिमटा तसाच राहिला. पण नाव पुकारले गेले होते. तिने तो लावून टाकला.

मुलगी वाचनालयाबद्दल छान बोलत होती. सभागृह शांत होते. मागून कारखानदार शेजाऱ्याला म्हणाले, "हे काय? हिला वाळत घातलंय की काय?"

त्यांच्यापुढच्या टेबलावरचा माईक चालू होता. सगळ्यांनी ते ऐकले.

माझ्या आतला तिचा श्वास थांबला. मग ती पुढे बोलली. एकही वाक्य न गाळता तिने भाषण पूर्ण केले. आणि शिकवल्याप्रमाणे, न वळता, मागे मागे चालू लागली. मागे टेबल होते. तांब्या कलंडला आणि पाणी कारखानदारांच्या मांडीवर गेले. सभागृहात हशा पिकला. दुष्टपणाचा नव्हता तो. पण हशा तो हशाच. दाराशी उभे असलेले दादाही हसले.

पडद्याआड तिने मला उतरवले, एकेक चिमटा काढून ताईच्या हातात दिला, माझी नीट घडी घातली. घडीत इस्त्री करणाऱ्या आईचा हात दिसत होता. "येते," एवढेच म्हणाली. शिष्यवृत्ती घ्यायला मात्र ती कचेरीत आली नाही.

दादा तिच्या घरी गेले, मला अंगात घालून. तिच्या आईने इस्त्री बाजूला ठेवून त्यांना बसायला दिले.

"अगं, एवढ्याशा गोष्टीवरून शिक्षण सोडतात का?" दादा म्हणाले.

"शिष्यवृत्ती नको नाही म्हणत मी, दादा. ते उभं राहणं पुन्हा नको."

"फोटो नसले तर लोक देत नाहीत गं. तुझ्यामागून येणाऱ्या पोरांचं काय?"

"मग लोकांना सांगा तसं. पटलं नाही तर गप्प बसायचं नाही, नीट सांगायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना शिबिरात? मी सांगतेय."

"दादा, आमची ही अशीच आहे," आई म्हणाली. "तिचं चुकलं असंही वाटत नाही हो मला."

दादा उठले. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. कारखानदार म्हणाले, "फोटो नाहीत, तर आम्ही आमच्या लोकांना दाखवायचं काय?" दादा पुढे काही बोलले नाहीत. इतरांना बोलायला शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. मुलीने कॉलेज सोडले आणि एका औषधाच्या दुकानात ती उभी राहू लागली.

मित्रांनो, दादा वाईट नव्हते. हेच सांगताना मला सर्वांत जड जाते.

पुढे ते आजारी पडले. एका दुपारी ताईला म्हणाले, "त्या पोरीला मी हसायला नको होतं."

"मग सांगा ना तिला, बाबा. बोलावू का?"

"तोंड नाही गं मला."

त्यांनी सांगितले नाही. मग सांगायला ते उरलेच नाहीत. निधीचे काम ताईकडे आले. तिने मला बाहेरच्या खोलीत खुंटीला अडकवले. कपाटात ठेवायला तिचे मन घेत नव्हते.

भेटायला येणाऱ्यांत ती मुलगीही आली. ताई म्हणाली, "बाबांना तुला एक सांगायचं होतं. त्या दिवशी ते हसले, त्याचं..."

"माहीत आहे, ताई."

"कसं?"

"रोज दुकानासमोरून जायचे. थांबायचे, आणि आत न येता परत फिरायचे."

खरे होते. मी अंगावरच होतो.

ताईने खुंटीवरच्या माझ्याकडे पाहिले. मग ताई म्हणाली, "परत शिकशील? सभा नाही, कोट नाही, फोटो नाही."

"आणि देणाऱ्यांना काय सांगाल?"

"हेच."

"ते गेले तर?"

"काहीजण जातील."

आणि गेले. ताईने सभेत उभे राहून सांगितले, की यापुढे निधी मुलांना कुणासमोर उभे करणार नाही. कारखानदार चहा अर्धा टाकून उठले. त्या वर्षी शिबीर भरले नाही. शिष्यवृत्त्याही थोड्यांनाच मिळाल्या. जे राहिले ते फोटोवाचून देत राहिले. मुलगी कॉलेजात गेली. ती निधीच्या कचेरीत फिरकत नाही, आणि ताईही तिला बोलावत नाही.

मी आता कपाटात आहे. कसर लागू नये म्हणून ताई अधूनमधून मला ऊन दाखवते, वडिलांचा कोट म्हणून. मला मात्र उजेडाची लाज वाटते.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, आणि कुणाला तरी काही द्याल. जरूर द्या. पण दिल्यावर त्याला खुशाल वळू द्या. त्याची पाठ जशी असेल तशी दिसू द्या, आणि तो आपल्या वाटेने दिसेनासा होईपर्यंत त्याला हाक मारू नका.