पखालीचा फुटबॉल

मी एक जुना फुटबॉल आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला थोडा गर्व आहे.

जन्माने मी पखाल. रेड्याच्या पाठीवरून जव्हारच्या चढावर पाणी वाहून वाहून ती जीर्ण झाली, तेव्हा दाभोसा गावच्या माघ्याने तिचं धडकं कातडं कापून घेतलं, तेल पाजलं, आरीने टाके घातले आणि आत म्हशीच्या मूत्राशयाचा फुगा भरला. हसू नका. कुठल्या घरी जन्मावं हे कोणाच्या हाती असतं?

शेजारच्या जामसर गावाकडे मुंबईहून आणलेला बॉल होता. तो गोल गरगरीत, आत रबरी ब्लॅडर. मी जरासा भोपळ्यासारखा. पखाल ती, गळणारच, असं जामसरवाले म्हणत. ते माघ्याच्या जिव्हारी लागलं. या बॉलने दोन गावांच्या दसऱ्याच्या सामन्यात दगा दिला तर पुन्हा आरी धरणार नाही, असं तो भर बाजारात बोलून बसला. त्या आरीवर त्याची चूल पेटत होती.

ही १९३० सालची गोष्ट. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जव्हारच्या माळावर दोन्ही गावं जमली आणि खेळायचं कोणाच्या बॉलने यावरूनच जुंपली. कोणी हटेना. तेव्हा शाळेच्या गुरुजींनी वर्तमानपत्रात वाचलेली हकिकत सांगितली. दक्षिण अमेरिकेत उरुग्वे देशात नुकतीच पहिली विश्वचषक स्पर्धा झाली होती. शेवटचा सामना उरुग्वे आणि अर्जेंटिनाचा. दोघे शेजारी, म्हणून वैरही सख्खं. त्यांचंही बॉलवरूनच अडलं. अखेर पहिला डाव अर्जेंटिनाच्या बॉलने झाला, तेव्हा अर्जेंटिना दोन-एकने पुढे. दुसरा उरुग्वेच्या बॉलने, आणि उरुग्वे चार-दोनने जिंकलं.

ऐकून माझी छाती फुगली. सात समुद्रांपलीकडच्या देशांचं भांडण आणि आमचं अगदी एकच! तसंच खेळायचं ठरलं; जामसर अर्जेंटिना झालं, दाभोसा उरुग्वे.

पहिला डाव त्यांच्या बॉलने झाला आणि खरोखरच जामसर दोन-एकने पुढे गेलं. दाभोशाची माणसं तरी खुशीत, कारण आता माझी पाळी होती. आमचा पुढारी नवसू अनवाणी पायाने मला लाथाडत निघाला. तिसऱ्याच लाथेला माझ्या आतला फुगा फाटला आणि मी भाकरीसारखा चपटा पडलो.

जामसरकडून हसण्याचा लोट आला. त्यांचाच बॉल पुढे चालवा, असा गलका झाला. माघ्याने कमरेची आरी काढून जमिनीवर ठेवली. मित्रांनो, इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नाही.

तेवढ्यात जामसरचा पुढारी ढवळू आला. त्याने मला उचलून एकेक टाका अंगठ्याने दाबून पाहिला. मग स्वतःच्या बॉलची चामड्याची वादी सोडली, रबरी ब्लॅडर बाहेर ओढला आणि माघ्यापुढे धरला.

"टाका एकबी उसवला नाय, माघ्यादादा. आरी उचल. तुमचा डाव तुमच्याच बॉलनं व्हईल."

हातचा सामना घालवतोस, म्हणून त्याचीच माणसं त्याच्यावर चिडली. त्याने कानाडोळा केला. माघ्याने ब्लॅडर बसवला, ढवळूने तोंडाने वारा भरला, आणि मी पुन्हा उभा राहिलो.

नवसूने दोन गोल केले. शेवटी ढवळूने मला असं हाणलं की मी खांबाला थडकून परतलो. खरं सांगतो, त्या क्षणी कुठे जावं ते मलाही कळत नव्हतं. दाभोसा तीन-दोनने जिंकलं.

नवसूच्या खांद्यावर मी मिरवत होतो, तेव्हा घामाघूम ढवळू जवळ आला.

"कातडं तुमचं," तो म्हणाला, "पर वारा माझा."

नवसूने क्षणभर विचार केला आणि मला खाली उतरवून त्याच्या हातात दिलं.

तेव्हापासून मी आळीपाळीने एक वर्ष दाभोशाला, एक वर्ष जामसरला नांदलो. आता कातडं कडक झालंय, मी माघ्याच्या खुंटीला असतो. जुन्या वस्तूला अधूनमधून तेल लावत जा, मित्रांनो. आणि समोरचा हरलेला दिसला तरी हसण्याआधी त्याचे टाके नीट तपासा.

मला अजून दर दसऱ्याला खाली काढतात. तेल माघ्या लावतो. वारा भरायला मात्र जामसरहून ढवळूच येतो.