खुंटीवरचं सोवळं

मी अतिदक्षता विभागाच्या दारातला हिरवा गाऊन बोलतोय. आत जाताना नातेवाइकांनी कपड्यांवर चढवायचा तो मीच. मागे नाड्या, पुढे एक खिसा, आणि दाराशेजारची खुंटी हे माझं घर.

येरवड्याच्या एका शिवणखोलीत आम्ही थप्पीने शिवले गेलो. तेव्हा पुण्यात आयटीचा पैसा खेळू लागला होता आणि मोठ्या रस्त्यांवर काचेची रुग्णालयं उभी राहत होती. आमच्याकडच्या फरशीत तर तोंड दिसायचं! तरी खुंटीवर मी एकटाच. माझी भावंडं कपाटात कुलपाआड, का तर वापरली की खराब होतात.

आत एका वेळी एकालाच सोडत. एक बाहेर आला की मला काढायचा, मग दुसरा माणूस मलाच चढवायचा. हात धुवायचं बेसिन समोरच होतं, पण मला घातलं की लोकांना वाटायचं, गंगेत घोडं न्हालं. मोबाईल हातात, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात लोंबतंय, आणि तसेच रुग्णाच्या गालावरून हात फिरवायचे. माणसं प्रेमळ असतात हो, पण घाईत असतात.

मंदाकिनीबाई सदाशिव पेठेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान श्रीधरपंत बायपास होऊन आत होते. माझ्या नाड्या बांधताना त्या म्हणायच्या, "सोवळंच आहे हे." खिशात अंगाऱ्याची पुडी ठेवायच्या. त्यांच्यानंतर मला घालायच्या मालनबाई, बांधकामाच्या कामावर यवतमाळकडून वाघोलीला आलेल्या. त्यांचे मालक नागोराव शेजारच्याच खाटेवर, पोटाचं ऑपरेशन झालेले.

एक दिवस श्रीधरपंतांच्या जखमेत पू झाला. डॉक्टर हळूच म्हणाले, "इन्फेक्शन इथलंच दिसतंय." मंदाकिनीबाईंनी अंगाऱ्यासाठी खिशात हात घातला, तर हाताला लागला काळा दोरा. तो मालनबाईंचा, नागोरावांच्या मनगटावर बांधायचा. बाई त्या दोऱ्याकडे बघतच राहिल्या.

बाहेर मालनबाई हात पुढे करून उभ्याच होत्या. मंदाकिनीबाईंनी मला काढलं आणि पाठीमागे धरलं.

"हा घालू नका."

"काहून? आमचा इटाळ होते काय तुम्हाले?"

मंदाकिनीबाईंचा चेहरा पडला. "अहो, उलटं आहे. यांच्या जखमेत पू झालाय. यांचं तुमच्या मालकांना लागायला नको."

मालनबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. "मंग इतके दिवस म्या हाच घातला ना वो!"

दोघी मिळून सिस्टरकडे गेल्या. सिस्टर म्हणाल्या, "आजी, पहिल्यापासून असंच चाललंय."

"चाललंय म्हणूनच विचारतेय. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं सोवळं होतं का कधी?"

मग कपाट उघडलं. प्रत्येक खाटेला वेगळा गाऊन आला आणि हात धुतल्याशिवाय कुणाला आत सोडेनात, डॉक्टरांनासुद्धा. पण नागोरावांना ताप भरायचा तो भरलाच. माझ्यामुळे, की कुणाच्या न धुतलेल्या हातांमुळे, हे कुणालाच सांगता येईना. मला त्याची फार टोचणी लागली.

श्रीधरपंत बरे होऊन घरी गेले, तरी मंदाकिनीबाई मालनबाईंसाठी रोज डबा घेऊन यायच्या. एका दुपारी भरलेला डबा तसाच घेऊन परत गेल्या. नागोराव सकाळीच गेले होते.

पुढे मला उकळत्या पाण्यात धुतलं, इस्त्री केली आणि वरच्या मजल्यावरच्या विभागात पाठवलं. तिथेही दाराशी खुंटी एक आणि गाऊन एक. रुग्णालयाला दोन लिफ्ट आहेत, पण खाली एका जिवाच्या मोलाने आलेलं शहाणपण अजून एक मजला वर चढलेलं नाही.

आत्ताच एका गृहस्थांनी मला काढून टांगलंय. त्यांच्या अंगाची ऊब अजून माझ्यात आहे. आणि तनया नावाची एक मुलगी लगबगीने येतेय. तिचे वडील आत आहेत.

पोरी, थांब. आधी हात धू. आणि सिस्टरना विचार, हा आधी कुणी घातला होता? त्यांना राग आला तरी विचार.

पण माझं तिला कसं ऐकू जाणार? तिने डोळे पुसले, त्याच हातांनी माझ्या नाड्या बांधल्या, आणि आम्ही दोघं आत निघालो.