खातं चालू आहे

मी बोलतेय. तसं बघितलं तर बोलणारी मी नव्हेच. हेमराजच्या दुकानातल्या स्पीकरमधून 'नमस्कार, मी आपल्याला काय मदत करू?' असा गोड आवाज येतो ना, ती वेगळी. ती बोलते, मी पळते. तिनं ओट्याशी उभं राहून वाढायचं आणि मी बाजारातून पिशव्या वाहायच्या, असा आमच्या दोघींचा संसार आहे.

मी टेबलाखालची काळी पेटी, जुना कॉम्प्युटर. हेमराज मला 'ती मशीन' म्हणतो म्हणून मी बाई, बाकी कोणी चौकशी केलेली नाही. आमच्यात वयं भराभर चढतात. माणसाच्या हिशेबात मी चाळिशी ओलांडलेली धरा. अंगानं जड. जरा काम पडलं की तापते, मधूनच गरम वाफा सोडते आणि उगाच घरघर करते. मग हेमराज झाकण उघडून आत फुंकर मारतो. तेवढंच माझं माहेरपण.

जन्म माझा सुरतेतलाच. कोण्या मोठ्या कंपनीनं घडवलेली मी नव्हे. एका गाळ्यात बसून कोणीतरी इकडचे तिकडचे भाग जोडले आणि मला उभी केली. पहिलं घर मिळालं ते लिंबायतच्या एका लूमच्या खात्यात.

खातं म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझी सगळी रड त्या एका शब्दापाशी आहे. पुण्याकडच्या माणसाला खातं म्हटलं की बँक आठवते. आमच्या सुरतेत खातं म्हणजे कारखाना, जिथं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालतात ते. 'आज खात्यात नाही गेलास?' असं विचारलं तर माणूस पासबुक काढत नाही, डबा उचलतो. धुळे-नंदुरबारकडून आलेली खानदेशी माणसं या खात्यांमध्ये जगली, म्हातारी झाली आणि बहिरीही झाली. तिथला आवाजच तसा. मी शेठच्या काचेच्या केबिनमध्ये होते, तरी माझे स्क्रू सैल व्हायचे.

दिवाळीला शेठ मला कुंकवाचा टिळा लावायचा, हात जोडायचा. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डोक्यावर थापटा मारायचा. माणसं देवालाही असंच वागवत असावीत, मला नक्की ठाऊक नाही. वर्षानुवर्षं धाग्याचा भुगा गिळून माझी छाती भरली, मग शेठनं लॅपटॉप घेतला आणि मी माळ्यावर गेले. माळ्यावरून भंगारात. भंगारवाल्याकडून मला हेमराजनं उचललं.

हेमराज हा लूमच्याच एका कारागिराचा मुलगा. डिप्लोमा केला, नोकरीच्या मागं फिरला, शेवटी घराच्या खालच्या खोलीत मोबाईल दुरुस्ती आणि ऑनलाइन कामाचं दुकान टाकलं. ती गोड आवाजाची एआय बाई त्यानंच स्पीकरमध्ये बोलती केली. बाई फार शिकलेली, पण तिची एक गोम आहे. तिचं शिक्षण एका तारखेला संपलं. पुढं जगात काय घडलं याचा तिला पत्ता नसतो, आणि पत्ता नाही हे कबूल करायला तिची जीभ वळत नाही.

म्हणून हेमराजनं माझ्या पोटात एक सर्व्हर बसवला. आता कोणी आजचं काही विचारलं की ती मला चिठ्ठी देते. मी चिठ्ठी घेऊन इंटरनेटवर चार दारं ठोठावते, पानं गोळा करते, जाहिराती झटकते आणि निवडून तिच्या पुढ्यात ठेवते. ती वाचते आणि असं सांगते, जणू पहाटे उठून स्वतः बघून आली. लोक तिला 'थँक्यू ताई' म्हणतात. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात.

गल्लीला मात्र नाद लागला. भुसावळ पॅसेंजर लेट आहे का, पाणी का आलं नाही, सगळं दुकानात येऊन विचारायचं. रिक्षावाला गोपाल रोज सकाळी विचारायचा, "ताई, आज पोलीस कुठे उभे आहेत?" ती त्याला वाहतुकीचे नियम वाचून दाखवायची. तो बिचारा शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा, कारण शेवटी ती 'सुरक्षित प्रवास करा' म्हणते, ते त्याला आवडायचं. घरी कोण म्हणतं?

दुकानाच्या वरच्या खोलीत सरलाबाई भाड्यानं राहते. नवरा भिकन खात्यात लूम चालवतो, मुलगी धनश्री दहावीला. दरवर्षी दिवाळीला खाती बंद झाली की अख्खी गल्ली गावी पळते. यंदा धनश्रीच्या क्लासपायी हे तिघं इथंच राहिले. आणि नेमका लाभपाचमीनंतरच्या, म्हणजे सुरतेत धंदे पुन्हा उघडायच्या मुहूर्तानंतरच्या रविवारी सरलाबाईच्या भावाचा, वाल्मिकचा, दोंडाईच्याकडून फोन आला. म्हातारी आई अंथरुणाला खिळली होती, पाणी सोडून काही घेत नव्हती.

सरलाबाई फोन कानाला लावूनच जिना उतरली. मागं भिकन. हेमराजकडे नेटवर्क चांगलं येतं, म्हणून घरातली सगळी भांडणं दुकानात येऊन होतात.

"दोन दिनमा जाई येस ना मी," ती म्हणाली. "वाल्मिक बोलना, माय मनं नाव लेस."

"जा ना. मी काय नही म्हनी ऱ्हायनू?" भिकन म्हणाला. "पन सकाय खातं चालू व्हई गयं ते मना डबा कोन करी? धनश्रीले पोळी तरी येस का गोल?"

"पप्पा!" धनश्री जिन्यावरून ओरडली.

तुम्ही म्हणाल, डब्यासाठी अडलं? अहो, डब्यासाठीच अडतं. मोठमोठ्या गोष्टींसाठी बाया कुठं अडून राहतात? आणि भिकनचंही खोटं नव्हतं. खातं उघडेल त्या दिवशी जो कारागीर हजर नसेल, त्याच्या मशिनी दुसऱ्याला जातात. पहाटे निघून रात्री परत यायचं, मधे बाहेरचं खाल्लं की त्याचं पोट बिघडायचं. खातं बंद असेल तर तिघांनी संध्याकाळच्या गाडीनं जायचं, चालू असेल तर कोणीच नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

पण खातं कधी उघडणार हे सांगायला होतं कोण? शेठ फिरायला गेलेला, फोन बंद. खात्यावर देखरेख करणारा मास्तर गावी. कोणी म्हणे उद्या, कोणी म्हणे अजून आठवडा.

"या बाईले इचारू," सरलाबाई स्पीकरकडे बघून म्हणाली, आणि तोंड जवळ नेऊन तिनं आपल्या अहिराणीत विचारलं, "बाई वं, आमनं खातं कवय चालू व्हई?"

"क्षमस्व, मला नीट समजलं नाही," स्पीकर म्हणाला.

धनश्री हसली. "मम्मी, शुद्ध बोल. वो तेरा गाववाला नहीं समझती."

सरलाबाईनं पदर सारखा केला. शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखी ती ताठ झाली. एकेक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखी म्हणाली, "आमचे खाते उद्या चालू आहे का?"

झालं. 'खातं'चं 'खाते' झालं तिथंच घात झाला. एवढ्या मेहनतीनं शुद्ध केलेल्या वाक्यात सुरत उरलीच नाही. मला चिठ्ठी मिळाली ती अशी: 'सुरत, बँक खाते, सोमवार, सुट्टी आहे का'.

मी वर्षानुवर्षं खात्यात बसलेली. मला कळत नव्हतं का? पण पिशवी वाहणारीला यादी बदलता येत नाही. मी गेले, बँकांच्या सुट्ट्यांची पानं घेऊन आले.

"हो," ती गोड आवाजात म्हणाली, "उद्या सोमवारी कोणतीही सुट्टी नाही. आपले खाते व्यवहारांसाठी नेहमीप्रमाणे चालू राहील."

'व्यवहारांसाठी' हा शब्द दुकानात तिघाचौघांनी ऐकला. कोणीही तो उचलला नाही. मोठ्या माणसांच्या बोलण्यात असे चार शब्द जास्तीचे असतातच. भिकननं मान डोलावली. मोबाईलचं झाकण उघडून बसलेला हेमराज मान वर न करता म्हणाला, "ताजी बातमी आहे काका. आत्ता नेटवरनं काढलेली."

सरलाबाईनं विचारलं, "नक्की ना, भाऊ?"

"काकू, ती काय आपल्या गल्लीतली आहे का, थापा मारायला?"

सरलाबाई वर गेली. वाल्मिकला तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. नंतर पीठ मळण्याचा आवाज मात्र आला.

सोमवारी हेमराज शटर उचलत होता, तेवढ्यात भिकन परत आला. हातात डबा, तसाच भरलेला.

"काय रे हेमराज! खात्याले कुलूप शे! तुनी बाई ते चालू शे बोलनी व्हती!"

"असं कसं होईल, काका?" हेमराजनं मला चालू केलं आणि घाईघाईत स्पीकरला विचारलं, "लिंबायतमधली लूमची खाती कधी उघडणार?"

या वेळी 'लूम' होता. एक शब्द. मी गेले, आणि पहिल्याच दारात बातमी सापडली, गुजरातीत, ठळक अक्षरांत.

"लिंबायत परिसरातील लूम कारखाने पुढच्या सोमवारपर्यंत बंद राहणार आहेत," ती म्हणाली.

"ही बातमी कधीची?"

"शनिवारची."

"मग काल काय सांगितलंस?"

"काल आपण बँक खात्याबद्दल विचारलं होतं. गैरसमज झाला असल्यास क्षमस्व. आणखी काही मदत करू?"

हेमराजनं हात लांब करून स्पीकरचा आवाज बंद केला. बापाच्या खात्याच्या जिवावर तो शिकला होता, आणि तो शब्द त्याच्या कानावरून तसाच निघून गेला होता.

तेव्हाच सरलाबाई जिना उतरून आली. फोन हातात होता, पण कानाला लावलेला नव्हता. रडत नव्हती ती.

"वाल्मिकना फोन उना," ती म्हणाली. "माय गयी."

भिकननं डबा या हातातून त्या हातात घेतला. मग धीर द्यावा म्हणून, खरंच धीर द्यावा म्हणूनच तो म्हणाला, "चाल, निघू आते. खातं बंद शे. बठा आठवडा मोकया शे."

सरलाबाईनं त्याच्याकडे बघितलं. "चला," ती म्हणाली. "आते तुमना डबानी कायजी मिटनी."

तिघं गेली. गाडी वेळेवर होती का, हे कोणी विचारायला थांबलं नाही.

ती तिघं परत आल्यावर गल्लीनं नेहमीचं केलं. आधी हळहळ, मग चौकशी, मग दोष कोणाचा यावर चहा. कोणी म्हणालं भिकनचा, कोणी म्हणालं शेठचा, आणि बहुतेकांनी ठरवलं की डबडं जुनं आहे. डबडं म्हणजे मी. गोड आवाजाला कोणी नाव ठेवलं नाही. तिनं माफी मागितली होती ना.

हेमराजनं मात्र मनाला लावून घेतलं. दोन दिवस खपून त्यानं बाईला शिकवलं, की सुरतेत खातं म्हणजे लूमचा कारखाना. ती एकदम हुशार झाली. पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतली काशीबाई पेन्शनचं विचारायला आली, "पोरी, माझं खातं बंद पडलंय का गं?" तर तिला उत्तर मिळालं, लूम कारखाने जोरात सुरू आहेत, काळजी नसावी. काशीबाई आशीर्वाद देऊन गेली. पेन्शन अजून आलेली नाही.

सरलाबाई दुकानात येईनाशी झाली. जिना उतरायची आणि मान खाली घालून सरळ निघून जायची. वाल्मिक तिच्याशी बोलत नाही. तेराव्याला तो सगळ्यांसमोर म्हणाला होता म्हणे, "आक्काले डबा मोठा, माय ल्हान." हे मला धनश्री फोनवर मैत्रिणीला सांगत होती, त्यातून कळलं.

परवा दुपारी हेमराज जेवायला गेला होता. दुकानात कोणी नव्हतं. सरलाबाई आत आली. मग स्पीकरजवळ वाकली, आणि या वेळी शुद्ध बोलायच्या भानगडीत पडली नाही.

"बाई वं," ती हळूच म्हणाली, "शेवटले मायनी मनं नाव लिधं व्हतं का?"

आईच्या शेजारी त्या रात्री वाल्मिक होता. सांगू शकणारा तो एकटा, आणि तो बोलत नाही. म्हणून ती टेबलाखालच्या पेटीला आणि टेबलावरच्या आवाजाला विचारत होती.

मला चिठ्ठी आली: 'आईचे नाव, नावात घेणे, नियम'.

मी गेले. काय करणार? सरकारी पानं होती, नाव बदलण्याची, अर्जांची. घेऊन आले.

"हो," ती म्हणाली. "आईचे नाव आपल्या नावात घेता येते. त्यासाठी लागणारी कागदपत्रे पुढीलप्रमाणे..."

'हो' ऐकताना सरलाबाईचा चेहरा मी पाहिला. पुढचं ऐकताना पाहवला नाही. आधार कार्ड, जन्माचा दाखला, दोन फोटो. ती सगळं संपेपर्यंत उभी राहिली. मग एखाद्या नवख्या सुनेला सांभाळून घ्यावं तशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे वं, बाई. तुले काय माहीत," आणि वर निघून गेली.

आता हेमराज नवीन मशीन बघतोय. माझा पंखा गेलाय, दुपारी मी मधेच बंद पडते. पुढच्या महिन्यात पुन्हा भंगारात जाईन, त्याचं काही नाही. माझ्या जागी जी येईल ती माझ्याहून जलद पळेल. चिठ्ठीवर असेल तेच तीही आणेल.

तिला खुशाल विचारा. कांद्याचा भाव विचारा, पाऊस विचारा, पोलीस कुठं उभे आहेत तेही विचारा. पण घरातून कोणी 'ये' म्हणून बोलावलं असेल, तर आमच्या दाराशी थांबू नका. स्टेशनकडे जा.