उलटा ठेवलेला आकडा

खोलीत तेरा वस्तू होत्या. दोन खुर्च्या, एक सतरंजी, दोन उशा, एक जाड पांघरूण, एक टेबल आणि त्यावर पाण्याची बाटली, दोन पेले, हातभर लांब वाळूची पिशवी, एक घड्याळ. भिंतीवर एक फोटोही नाही, फक्त प्रमाणपत्र. ते मी जवळ जाऊन वाचलं, खालच्या सहीसकट. वही नव्हती, पेन नव्हतं. आणि घड्याळाचं तोंड उपचार करणाऱ्या बाईंच्या खुर्चीकडे होतं. समोर बसणाऱ्याला त्याची फक्त पाठ दिसत होती.

"मोजून झालं?" ताईने हळूच विचारलं. घरात ती मला मोजपट्टी म्हणते.

"घड्याळ उलटं का ठेवलंय?"

"तू गप बस. डॉक्टरांनी पाठवलंय आपल्याला, चोरबाजारात नाही आलो."

ताई काच फुंकते. प्रयोगशाळांना लागणारे चंबू, नळ्या, वेटोळी ती हाताने घडवते. काचेची नळी ज्वाळेत फिरवत तापवायची, मऊ झाली की बाहेर काढायची आणि तोंडातल्या रबरी नळीतून फुंकायचं, हात मात्र फिरतच राहिले पाहिजेत. फुंकर एकसारखी नसेल तर फुग्याची भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ होते. सहा महिन्यांपूर्वी शेजारच्या टेबलावरची गॅसची नळी फाटली. तिच्यासोबत काम करणाऱ्याचा हात भाजला, ताईच्या भुवया जळाल्या. भुवया परत आल्या. पण आता बर्नर पेटताना फट्‌ असा आवाज झाला की तिचे खांदे वर चढतात आणि श्वास मध्येच अडकतो. फुंकर तुटते, फुगा वाकडा होतो.

मालकांनी तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. चाचणीचा एक फुगा करायचा, थंड झाल्यावर तो कापून चार ठिकाणी भिंत मोजायची. जाडीतला फरक शून्य पूर्णांक तीन मिलिमीटरच्या वर गेला तर ताईने ज्वाळेसमोरून उठायचं आणि भांडी खोक्यांत गुंडाळायला बसायचं. मालक वाईट माणूस नाहीत. वाकडा चंबू गरम केला की तडकतो, हे त्यांनाही ठाऊक आणि आम्हालाही.

बाई शरीर आणि मन एकत्र धरून उपचार करतात, असं डॉक्टर म्हणाले होते. मी आधी या पद्धतीवरचं मिळेल ते वाचून काढलं. काही अभ्यासांत फायदा दिसला होता, काहींत नाही, आणि माणसं बहुतेक ठिकाणी थोडीच होती. त्यामुळे मी डोळ्यांत तेल घालून बसले, सतरंजीवर, ताईच्या अगदी समोर.

बाईंनी अपघाताबद्दल काहीच विचारलं नाही. शंकेची पाल तिथेच चुकचुकली. दातांचा डॉक्टरसुद्धा आधी कुठला दात ते विचारतो.

"पाय टेकलेत का जमिनीला?" त्यांनी विचारलं.

"टेकलेत."

"दोन्ही टाचा?"

ताईने खाली पाहिलं. डावी टाच उचललेली होती. तिने ती टेकवली.

"आणि खांदे कुठे आहेत आत्ता?"

"कानांना लटकलेत," ताई म्हणाली आणि स्वतःच हसली. हसल्यावर ते जरा उतरले.

वाळूची पिशवी तिच्या मांडीवर आली. पुढच्या खेपेला बाईंनी तिला तिची रबरी नळी आणायला सांगितली आणि पेल्यातल्या पाण्यात बुडबुडे काढायला लावले, लांब, सावकाश. मधेच खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्या एक काडी पेटवायच्या. असले खेळ लहान मुलं करतात, आणि तेही फुकट.

मी परवानगी मागून ताईच्या बोटाला नाडी मोजायचं यंत्र लावलं होतं. बाईंनी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की मला तेही खटकलं. सुरुवातीला चौऱ्याऐंशी, शेवटी शहाण्णव. दुसऱ्या खेपेला अठ्ठ्याऐंशी, मग एकशे दोन.

"वाढतेय," मी म्हणाले. "ही इथे येऊन बिघडतेय."

बाईंनी आकडा पाहिला. मग ताईला विचारलं, "बुडबुडे काढताना तुम्ही कुठे बघत होतात?"

"आकड्याकडे. आणि हिच्या तोंडाकडे. आकडा वाढला की हिचं तोंड असं होतं." ताईने माझं तोंड करून दाखवलं. हुबेहूब होतं.

बाईंनी यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला आणि मला ताईच्या खुर्चीमागे बसायला सांगितलं.

"आकडा लपवायचा का?" मी विचारलं.

"लपवत नाहीये. तुमच्याकडे दिला."

"आणि घड्याळ?"

"ते दिसलं की लोक किती वेळ उरला तेच बघत बसतात. श्वास आखडतो."

उत्तर अगदी तयार होतं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. पाणी कुठेतरी मुरतंय हे ओळखणं माझं कामच आहे. बाहेर आल्यावर जिना उतरताना मी ताईला तसं म्हणालेही.

"मग तपास की घरी," ती म्हणाली. "तेवढंच राहिलंय."

म्हणून मी तपासलं. तीच नळी, तोच पेला, तीच खुर्ची. नाणं उडवायचं. छापा आला तर पडदा ताईकडे आणि मी समोर, काटा आला तर पडदा माझ्याकडे आणि मी मागे. तिने कंटाळून पेला बाजूला सरकवेपर्यंत आम्ही हे केलं. पडदा ताईकडे असताना सरासरी सत्त्याण्णव. माझ्याकडे असताना त्र्याऐंशी.

मी यंत्राच्या बॅटऱ्या बदलल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"अगं, मी काय टाकीतलं पाणी आहे का?" ताई म्हणाली. "शेजारची मावशी खिडकीतून बघतेय. तिला वाटत असेल, हिची अक्कल गेली म्हणून बहीण तिला बुडबुडे काढायला लावते."

दुसऱ्यांदाही जवळजवळ तेच आलं. यावरून बाईंची पद्धत खरी ठरत नाही. मी मोजत होते त्यात मी स्वतःही होते, इतकंच ठरतं. मी ते ताईला सांगितलं. ती म्हणाली, "हे तुझं तोंड पाहून मला कधीच कळलं होतं."

बाईंवरचा माझा संशय मात्र गेला नाही. पुढच्या खेपांना मी जात राहिले, पण खुर्चीच्या मागे बसून.

चाचणीच्या दिवशी मालकांनी मला बोलावलं, कारण त्यांचा जाडीमापक झिजला होता आणि आमच्या प्रयोगशाळेतला नवा होता. कारखान्यात गेले तर मालक ताईच्या टेबलासमोरच उभे, हाताची घडी घालून, नजर तिच्या चेहऱ्यावर. मापक मी दिल्याबरोबर त्यांनी चालू केला. त्याचा हिरवा आकडा थेट तिच्या समोर चमकत होता.

"मालक, इकडे मागे येता?" मी म्हणाले.

"का? मला इथून नीट दिसतंय."

"तिलाही दिसतंय. आकडा आणि तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. "बहिणीला काही मदतबिदत करायचा बेत आहे का तुझा?"

"नाही."

"मग मला समोरून हलवतेस कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय."

माझ्याजवळ बाईंसारखंच तयार उत्तर होतं आणि ते ऐकून मालकांना काय वाटेल हेही मला कळलं. म्हणून मी ते दिलं नाही. "मापक तुमच्याकडेच ठेवा," मी म्हणाले. "फुगा तुम्ही भट्टीत ठेवा, तुम्ही कापा, तुम्हीच मोजा. मी हात खिशात घालून तुमच्या शेजारी उभी राहते. फक्त मागे."

मालकांनी मापक बंद करून खिशात टाकला आणि ताईच्या मागे येऊन उभे राहिले. माझ्या हातांवर त्यांचं लक्ष होतं.

ताईने रंगीत चष्मा लावला, नळी तोंडात धरली. बर्नर पेटला. फट्‌.

खांदे वर गेले. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताईच्या चपलांकडे बघत होते. उजवी टाच टेकलेली होती, डावी उचललेली. मग डावी खाली आली. खांदे उतरले, पूर्ण नाही, कानांपासून चार बोटं खाली. ज्वाळेत काच फिरू लागली, लाल झाली, मऊ पडून लोंबू लागली. तिने ती बाहेर काढली आणि फुंकली. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

फुगा सावकाश थंड व्हायला मालकांनी स्वतः भट्टीत ठेवला आणि भट्टीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो काढला, पाण्याच्या धारेखाली करवतीने मधोमध कापला, कडा पुसल्या. मी ताईसोबत दारात उभी होते. मालकांनी चार ठिकाणी मापक लावला आणि प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला.

एक पूर्णांक चार. एक पूर्णांक तीन. एक पूर्णांक पाच. एक पूर्णांक तीन. फरक शून्य पूर्णांक दोन.